पंचेचाळीस पुड्या

झुंबरबाईचा आवाज आधी यायचा, मग झुंबरबाई. शेवगावात आमची शाळा गावाबाहेर, पत्र्याच्या तीन लांब खोल्यांत. सकाळी मी माझ्या भाड्याच्या खोलीवरून निघाले की अर्ध्या वाटेवरच ऐकू यायचं, "ए मुडद्या, दात घास! घास म्हनलं तर ब्रश चावतोय व्हय रं?" मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, ही बाई पोरांना छळते. हेडसरांकडे तक्रार घेऊन गेले. सर म्हणाले, "शुभांगीबाई, आठ दिवस थांबा, मग सांगा." आठ दिवसांनी मी काही सांगायला गेले नाही.

शाळा मतिमंद मुलांची, निवासी. अडतीस मुलं, आम्ही तीन शिक्षक, एक स्वयंपाकीण आणि झुंबरबाई. कागदावर ती 'मदतनीस' होती. हा शब्द कुणी शोधून काढला मला माहीत नाही. ज्याने काढला त्याने एक दिवस अडतीस मुलांच्या चड्ड्या धुऊन बघाव्यात, मग कोण कुणाला मदत करतंय ते कळेल. मुलांना अंघोळ घालणं, भरवणं, शी-शू, उवा, खरूज, ताप, रडणं, चावणं, सगळं तिचं. आम्ही दुपारपर्यंत रंगीत मणी ओवायला शिकवायचो आणि घरी जायचो. ती तिथेच राहायची, मुलींच्या खोलीच्या दाराशी आडवी पडून.

गावातले लोक 'येड्यांची शाळा' म्हणायचे. एकदा एक टेम्पोवाला गेटसमोर मुद्दाम थांबला आणि मुलं दचकतात म्हणून पुन्हापुन्हा हॉर्न वाजवून हसायला लागला. झुंबरबाई कडेवरच्या पोराला तसंच घेऊन बाहेर गेली. "तुला तुझ्या आईनं शहाना म्हनून जल्म दिला ना? मंग रिकाम्या रस्त्यावर पीं पीं काय करतोस रं, बिनडोक्या?" तो टेम्पो पुन्हा त्या रस्त्याने आला तरी शांतपणे जायचा.

ती शेवगाव तालुक्यातल्याच एका खेड्यातली, बौद्ध घरातली. वय चाळीसच्या आसपास. नवरा लवकर गेला होता. एक मुलगा झाला होता, तोही तिसऱ्या वर्षी गेला. त्याला झटके यायचे. हे ती मला एकदाच बोलली, तेही गहू निवडता निवडता, मान खाली घालून. "त्या टायमाला कोन सांगनार, बाई, की ह्याला गोळी असती म्हनून? आमी आपलं तोंडात चमचा घालून बसायचो." मग सुपातले खडे वेचत राहिली.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सर म्हणायचे, झुंबरबाई शिकली असती तर कलेक्टर झाली असती. मला त्या वाक्याची चीड यायची. तिला शिकवलं कुणी नाही, हे त्यात कुठे येतच नाही.

निकिता त्र्याण्णवच्या जूनमध्ये आली. मिरजगावजवळच्या वस्तीवरची, वय सात. आई साळूबाई तिला पाठीशी बांधून आली होती. एवढ्या मोठ्या पोरीला पाठीशी का, तर चालता चालता पडायची. दिवसाला पाच-सहा झटके. पुढचे दोन दात तुटलेले, कपाळावर टाके, हनुवटीवर टाके. बाप सहादेव, कोरडवाहू जमीन कसणारा साधा माणूस. त्याने पोरीसाठी भगत केले, अंगारे केले, कानिफनाथाला मढीला पायी जाऊन आला. काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. फक्त गोळीबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे नगरहून महिन्यातून एकदा डॉक्टर यायचे. त्यांनी निकिताला पांढरी गोळी सुरू केली, रोज दिवेलागणीला एक. आणि आम्हा सगळ्यांना ओळीने उभं करून सांगितलं, "ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. एकदम बंद झाली तर झटके असे उसळतात की जिवावर बेततं. आणि हो, सलग दोन वर्षं एकही झटका आला नाही, तर मी ती हळूहळू कमी करत आणीन. कदाचित पुढे लागणारही नाही."

हे शेवटचं वाक्य झुंबरबाईने उचललं. तिच्यापुढे जणू कुणी ताट वाढून ठेवलं होतं.

निकिताचा शेवटचा झटका त्याच वर्षीच्या पोळ्याला आला. त्यानंतर नाही. झुंबरबाईने मुलींच्या खोलीच्या दारामागे कोळशाने रेघा मारायला सुरुवात केली, एका महिन्याला एक रेघ. सहा रेघा झाल्या. दहा झाल्या. पोरगी पडायची थांबली आणि मग जगायला लागली, असंच म्हणते मी. हाताने खायला लागली. झुंबरबाईला 'झुंबा' म्हणायला लागली. तिचं ते 'झुंबा' ऐकलं की झुंबरबाई उगाच ओरडायची, "काय गं भवाने, सारखी हाका मारती, मी काय मेले का?" आणि पदराने तोंड पुसायची.

आमच्या अभ्यासक्रमात 'स्वावलंबन' नावाचा भाग असतो. त्यात बटण लावणं येतं. तुम्ही-आम्ही बटण लावतो तेव्हा कळत नाही, पण ते फार अवघड काम आहे. एका हाताने काज धरायचं, दुसऱ्याने बटण तिरकं करायचं, ढकलायचं, पलीकडून पकडायचं. निकिताला त्याला सात महिने लागले. ज्या दिवशी तिने स्वतःच्या फ्रॉकचं लाल बटण स्वतः लावलं, त्या दिवशी झुंबरबाईने तिला उचलून स्वयंपाकघरापासून ऑफिसपर्यंत मिरवलं. सर फाइल बघत होते, त्यांच्या टेबलावरच नेऊन उभी केली. "बघा सर! बघा! लाव गं बटन. लाव परत." तिने पुन्हा लावलं. सरांचे डोळे भरले. माझेही भरले, लपवायचं काय त्यात.

आता पुड्यांचं सांगते, कारण सगळं त्यावरच आलं.

झटक्यांची गोळी चालू असलेली आमच्याकडे अकरा मुलं होती. शाळेत असताना काळजी नव्हती. झुंबरबाई दिवेलागणीला सगळ्यांना ओळीत बसवायची, गोळी जिभेवर ठेवायची, पाणी पाजायची आणि तोंड उघडायला लावून जिभेखाली बघायची. प्रश्न सुट्टीचा होता. बहुतेक आयांना वाचता येत नव्हतं. चिठ्ठी देऊन उपयोग नाही. अख्खी बाटली दिली तर कुणी दोन द्यायचं, कुणी विसरायचं.

मग झुंबरबाईने युक्ती काढली. सुट्टीचे जेवढे दिवस तेवढ्या कागदाच्या पुड्या, प्रत्येक पुडीत एक गोळी, आणि सगळ्या पुड्या सुईने एका दोऱ्यात ओवायच्या. रोज एक पुडी तोडायची. माळ संपली की दुसऱ्या दिवशी शाळा. आईला तारीख मोजायला नको, वाचायला नको. आणि माळ कुणाची ते कळावं म्हणून दोऱ्याच्या टोकाला प्रत्येक मुलाची एक खूण. कुणाची शिंपली, कुणाचा मणी. निकिताच्या माळेला ते लाल बटण. फ्रॉक आखूड झाला तेव्हा झुंबरबाईने ते काढून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी ती माळ पाहिली आणि म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात नाही, पण असायला पाहिजे." झुंबरबाई आठ दिवस हवेत होती.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत एक घोळ झाला. सचिन नावाच्या मुलाची माळ त्याच्या घरी पोत्यांखाली कुठेतरी गेली. बापाने गावातल्या दुकानातून 'झटक्याची गोळी द्या' म्हणून भलतीच जास्त ताकदीची गोळी आणली आणि दिली. पोरगा दोन दिवस उठलाच नाही. वाचला, नशीब. पण झुंबरबाई त्या बापावर जी तुटून पडली, ते मी अजून विसरले नाही. त्या दिवसापासून तिने आयांना शपथ घालायला सुरुवात केली. देवाची शपथ घालणारी ती नव्हती. ती म्हणायची, "लेकराच्या डोक्यावर हात ठेव. म्हन, माझ्या पुडीशिवाय दुसऱ्या कुनाची गोळी देनार न्हाई. दुकानाची न्हाई, भगताची न्हाई, डाक्टर म्हनवनाऱ्या कुना टिकोजीची न्हाई."

आया म्हणायच्या. आम्ही शिक्षक बाजूला उभं राहून बघायचो आणि आम्हाला ते फार चांगलं वाटायचं.

पंच्याण्णवच्या एक मेला झेंडावंदन झालं आणि पालक मुलांना न्यायला आले. शाळा पंधरा जूनला उघडणार. पंचेचाळीस दिवस, पंचेचाळीस पुड्या. दारामागे रेघा वीस झाल्या होत्या. झुंबरबाई साळूबाईला आत घेऊन गेली आणि त्या रेघा दाखवल्या. "आता पोळ्यापत्तूर कळ काढ, साळू. चारच रेघा. मंग डाक्टर गोळी कमी करनार हाय. पोरगी तुझी मोकळी."

साळूबाई रेघांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने निकिताच्या डोक्यावर हात ठेवला, न सांगताच. "तुमच्या पुडीशिवाय दुसऱ्या कुनाची गोळी देनार न्हाई."

"हां. कुनी कायबी म्हनू दे."

"कुनी कायबी म्हनू दे," साळूबाई म्हणाली.

निकिता जाताना मागे वळून 'झुंबा, झुंबा' करत होती. झुंबरबाई ओरडली, "जा गं बये, डोकं उठवलं!" आणि पाठ फिरवून उभी राहिली.

त्या उन्हाळ्यात शेवगावात पाण्याचे फार हाल झाले. शाळेची विहीर मेच्या मध्यालाच तळाला गेली. अडतीस मुलांना टँकर कुठून आणणार? सर नगरला राहायचे, मीही नगरची. जूनच्या पाच तारखेला सरांनी मला घरी बोलावलं. म्हणाले, "पंधराला उघडून चालायचं नाही. एक जुलै करू. सगळ्या पालकांना कार्डं टाका."

मी त्यांच्या ओसरीवर बसून कार्डं लिहिली. पालकांची अडतीस आणि स्टाफची. माझं अक्षर चांगलं आहे. त्याचा मला तेव्हा अभिमान होता. 'सप्रेम नमस्कार. पाण्याच्या टंचाईमुळे शाळा दि. १५ जूनऐवजी दि. १ जुलै रोजी सुरू होईल. पाल्यास त्या दिवशी वेळेवर घेऊन यावे.' प्रत्येक कार्ड सारखं. सरांनी सही केली. त्यांच्या पत्नीने चहा दिला. आम्ही मुलांबद्दल बोललो, विहिरीबद्दल बोललो, नव्या पत्र्यांबद्दल बोललो. गोळ्यांचा विषय निघाला नाही. अकरा मुलांच्या माळा चौदा तारखेला संपणार होत्या, हे त्या ओसरीवर कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मी विशेष शिक्षणाची पदविका घेतलेली बाई. मला प्रमाणपत्र होतं.

एक कार्ड राजूरला गेलं. झुंबरबाई तिकडे अकोले तालुक्याच्या डोंगरात बहिणीकडे, बनुबाईकडे गेली होती. कार्ड तिला बहिणीच्या नातीने वाचून दाखवलं. पुढे तिनेच मला सांगितलं, "बाई, मी काय म्हनले आसन? मी म्हनले, बरं झालं. पंधरा दीस अजून. तिथं पानी हुतं, गारवा हुता. बनू मला काम करू देत नव्हती. मी जल्मात पयल्यांदा दुपारची झोपले." ज्या बाईने कोळशाच्या रेघा मोजल्या तिने ते पंधरा दिवस मोजले नाहीत. आम्ही तिला एवढा तरी आराम द्यायला हवा होता, वर्षाकाठी, आधीपासून. तेवढ्यासाठी मी तिला दोष देऊ शकत नाही. स्वतःला देते.

एकोणतीस जूनला मी शेवगावला पोचले. झाडलोट करायची होती. झुंबरबाई माझ्या आधी आली होती आणि गेटबाहेरच उभी होती. तिचा आवाज आला नाही. हीच पहिली गोष्ट मला खटकली.

गेटच्या कडीला एक दोरा बांधलेला होता. रिकामा. सुईची भोकं पडलेले कागदाचे बारीक कपटे त्याला ठिकठिकाणी अडकून राहिले होते आणि टोकाला लाल बटण.

"साळू येऊन गेली," झुंबरबाई म्हणाली.

मला अजूनही कळलं नव्हतं. मी विचारलं, "मग थांबली का नाही?"

ती माझ्याकडे वळली. "बाई, माळ संपली तिची! माळ संपली म्हनून आल्ती ती! आन आपन कुलूप लावून बसलो!" मग एकदम खाली बसली, रस्त्याच्या धुळीत. "कवा आल्ती? आज एकोनतीस. चौदाला संपली. पंधरा दीस. बाई, पंधरा दीस पोरगी बिनगोळीची हाय."

समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारलं. हो, पंधरवड्यापूर्वी एक बाई आली होती. दुपारपर्यंत गेटच्या सावलीत बसली. त्याने तिला सांगितलं होतं, शाळा एक तारखेला उघडणार, कुणी नाही इथं. मग ती काहीतरी बांधून गेली.

आम्ही गोळ्यांचा डबा पिशवीत टाकला आणि तशाच निघालो. शाळा उघडलीसुद्धा नाही. शेवगावहून नगर, नगरहून सोलापूर रोडची गाडी. चार-साडेचार तास. गाडीत झुंबरबाईने तो डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. मध्येच म्हणायची, "एखांदीला झटका याला टाईम लागतो. डाक्टर म्हनले हुते ना, अंगात ऱ्हाती गोळी थोडे दीस?" मी म्हणायचे, हो, राहते. परत दहा मिनिटांनी, "आपन गेल्या गेल्या देऊ." मी म्हणायचे, हो, देऊ. उरलेल्या दहा मुलांचीही काळजी होतीच. नगरला गाडी बदलताना मी सरांना एसटीडीवरून फोन केला. ते दहाजण वाचले, हे आताच सांगून टाकते. कुणाच्या माळेत चार पुड्या चुकून उरल्या होत्या, कुणी शपथ मोडून गावातल्या डॉक्टरकडे गेलं होतं, दोघांना झटके येऊन गेले पण निभावलं.

मिरजगावला उतरून वस्तीवर पायी गेलो. साळूबाई अंगण झाडत होती. आम्हाला बघून तिने झाडू भिंतीला टेकवला. रडली नाही.

"आलात व्हय," ती म्हणाली. "म्या म्हनलं, दोरा दिसला की येतीलच."

झुंबरबाईने डबा पुढे केला. साळूबाईने त्या डब्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. तेवढंच. सहादेव दाराशी बसला होता, तो उठून गोठ्याकडे निघून गेला.

निकिता वीस तारखेला गेली. पाच दिवस काही झालं नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी एक झटका, मग दुसरा, मग ते थांबेचनात. दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरने सुई दिली, जीप बघून लगेच नगरला न्यायला सांगितलं. नगरच्या वाटेवर ती गेली. साळूबाईने हे सगळं कुणा दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं सांगितलं. अंगणातल्या दोरीवर निकिताचा फ्रॉक वाळत होता. नऊ दिवस झाले होते आणि तो धुऊन घातलेला होता.

मग साळूबाईने आत जाऊन माझं कार्ड आणलं. देव्हाऱ्यापाशी जपून ठेवलं होतं. "हे आलं तवा माळेत चारच पुड्या हुत्या. ह्यांनी वाचलं. म्या म्हनलं, ह्यात गोळीचं काय लिवलंय? हे म्हनले, काई न्हाई. म्या म्हनलं, परत वाचा. यांनी परत वाचलं." मी ते कार्ड हातात घेतलं. माझं अक्षर. सरांच्या सहीखाली तीन बोटं जागा कोरी होती.

"मंग चौदाला शाळेत आले. शेवटची पुडी सोडवून पदराला बांधून आनली हुती. न्हाई कोनी भेटलं." ती खाली बसली. "येताना नगरच्या स्टँडवर गाडीला येळ हुता. समोर औषधाचं दुकान. म्या ती पुडी सोडली आन दुकानदाराला गोळी दाखवली. म्हनलं, अशी हाय का? त्यानं उलटून पालटून बघितली, गोळीवरचा छाप वाचला. कवापासून घेती, कोन देतं, समदं इचारलं. मंग आतून एक पाकीट काढलं चकचकीत. म्हनला, हीच हाय बाई, फकस्त कंपनी दुसरी. घेऊन जा, पैशे नंतर दे म्हनला. चांगला मानूस हुता."

मला पुढचं कळलं. चौदा तारखेला मी नगरातच होते. माझं घर त्या स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आहे.

"पन ती गोळी गुलाबी हुती," साळूबाई म्हणाली. "आन म्या शपथ घेतली हुती. म्हनलं, न्हाई. कुनी कायबी म्हनू दे. म्या घेतली न्हाई, झुंबरबाई. तुमचा शबूद म्या मोडला न्हाई."

हे तिने मान वर करून सांगितलं. त्या सगळ्यातून तिच्यापाशी एवढंच काय ते उरलं होतं.

मग तिने पदराची गाठ सोडली आणि एक कपटा काढला. औषधाच्या खोक्याचा फाडलेला तुकडा. "त्यानं नाव लिवून दिलं हुतं. म्हनला, तुमच्या बाईला दाखव. शुभांगीबाई, तुमी वाचा. ती गोळी आपली नव्हतीच ना?"

मी हात पुढे केला. कपटा माझ्या हातात यायच्या आत झुंबरबाईने तो घेतला. डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला. इंग्रजी अक्षरं होती आणि तिने तो उलटा धरला होता. तिच्या खांद्यावरून मला सगळं दिसत होतं. फेनोबार्बिटोन, साठ. दर महिन्याला निकिताच्या केसपेपरवर मी स्वतःच्या हाताने लिहायचे तेच नाव आणि तोच आकडा.

"न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "ही आपली न्हाई. ही येगळीच हाय. बरं केलंस, साळू, दिली न्हाईस ते. दिली असतीस तर लेकरू तवाच गेलं असतं."

साळूबाई माझ्याकडे बघत राहिली. मी वाचणारी बाई. मी मान हलवली. हो, वेगळी आहे.

तेव्हा कुठे साळूबाई रडली. झुंबरबाईच्या मांडीत डोकं खुपसून, मोठ्याने, बराच वेळ. झुंबरबाई तिच्या पाठीवर हात फिरवत होती आणि तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही मिरजगावच्या स्टँडवर बसलो. तिने मूठ उघडली. मग तो कपटा माझ्या मांडीवर ठेवला.

"आता खरं सांगा, बाई."

मला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोललेच होते. पण ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "तीच होती."

"तीच."

"हो. रंग वेगळा. औषध तेच."

तिने मान हलवली. गाडी आली, गेली, आमची नव्हती. एक बाई पोराला उसाचा रस पाजत होती, त्याने पेला सांडला, तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. झुंबरबाई तिकडे बघत होती.

"न ऐकनारी आई असती ना बाई," ती म्हणाली, "एखांदी आडमुठी, दांडगी, माझ्या तोंडावर हो म्हनून मागनं आपल्या मनाचं करनारी, तर पोरगी आज हुती. बाकीच्यांनी न्हाई ऐकलं माझं. त्यांची वाचली. ह्या येडीनं ऐकलं." मग तिने कपाळावर मूठ मारून घेतली, एकदा, दोनदा. मी तिचा हात धरला. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातासकट मारली. "माझं लेकरू गोळी ठाऊक नव्हती म्हनून गेलं. हे मला ठाऊक हुती म्हनून गेलं. कुटं फेडू हे मी, सांगा ना! तुमी शिकलेल्या ना?"

मी तिचा हात सोडला नाही.

एक जुलैला मुलं आली. दारामागच्या रेघा तिने पुसल्या नाहीत आणि नव्या मारल्या नाहीत. ओरडायची पूर्वीसारखीच, पण मध्येच थांबायची, काय ओरडत होतो ते विसरल्यासारखी. त्या दिवाळीपासून मी प्रत्येक आईला चिठ्ठी द्यायला लागले. औषधाचं नाव, ताकद, डॉक्टरांचा फोन, माझ्या घरचा पत्ता, आणि खाली ठळक अक्षरांत, पुड्या संपल्या तर हे दाखवून कुठल्याही दुकानातून घ्या. डॉक्टरांची सही. हे आधी का केलं नाही, असं मला कुणी विचारलं नाही. सरांनीही नाही. मला वाटतं ते विचारायला घाबरले असावेत.

झुंबरबाईने पुड्या बांधल्या. वीस दिवसांची सुट्टी, तिने प्रत्येक माळेत चाळीस ओवल्या. बोटांना सुया टोचून घेतल्या, कारण नजर ठरत नव्हती. न्यायच्या दिवशी सचिनची आई माळ घ्यायला पुढे आली. तिला सवय झाली होती. तिने आपणहून पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणायला लागली, "तुमच्या पुडीशिवाय दुसऱ्या कुनाची..."

झुंबरबाईने तिचं मनगट धरलं. धरलं आणि तो हात पोराच्या डोक्यावरून हळूहळू खाली आणला.

"शपथ नगं," ती म्हणाली. "माझं ऐकू नगंस. चिठ्ठी जप."